बंद कॉम्प्युटर, किंमत ९९ डॉलर

आमच्या ओहायोतल्या गावात एक थ्रिफ्ट स्टोअर आहे, म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू विकणारं दुकान. त्याच्या मागच्या भिंतीला लागून, राइस कुकर आणि काचेच्या फुलदाण्या यांच्या मधोमध, गेल्या वर्षी मला एक कमोडोर ६४ दिसला. जाडजूड कीबोर्डसारखा दिसणारा हा घरगुती कॉम्प्युटर १९८२ साली बाजारात आला. हा नग मळकट होता, दोन कळा गायब, सोबत ना पॉवर सप्लाय ना वायर. वर चिठ्ठी: ‘व्हिंटेज. ९९.९९ डॉलर. आहे तसा, परत घेणार नाही.’ त्याच फळीवर हातभर अंतरावर आयबीएमचा एक जुना, विटेसारखा जड कीबोर्ड पडला होता. त्यावर चिठ्ठी ४.९९ डॉलरची.

दोन्ही चिठ्ठ्या चुकल्या होत्या, आणि चुकल्या होत्या त्याही उलट दिशांना. तो कीबोर्ड होता आयबीएमचा मॉडेल एम. १९८५च्या सुमाराचं हे डिझाइन. प्रत्येक कळीखाली एक स्प्रिंग असते, कळ दाबली की ती वाकते आणि खट्ट असा आवाज येतो. त्या आवाजावर आणि बोटांना मिळणाऱ्या त्या झटक्यावर जीव टाकणारे लोक आजही आहेत, आणि धड असलेल्या मॉडेल एमला ते शंभर डॉलरच्या आसपास सहज मोजतात. कमोडोरच्या त्या अवस्थेला मात्र कुणी जाणता माणूस शंभर देणार नाही. एकच दुकान, एकच आठवडा, बहुधा चिठ्ठी लावणारा हातही एकच. मग असं का व्हावं?

जुन्या कॉम्प्युटरच्या छांदिष्टांना हा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेलं असतं: ‘हावरे झालेत सगळे. फुकट मिळालेल्या मालाचे भाव बघा!’ मला हे उत्तर पटत नाही. थोडं आत शिरून बघितलं तर चित्र जास्त मजेशीर आहे.

बोहारणीकडे जे असतं ते इथे नसतं

आपल्याकडची बोहारीण आठवा. दारात बसून ती साडी उलगडते, काठ चिमटीत धरून बघते, विरलेली जागा बरोबर शोधून काढते आणि म्हणते, ‘ताई, यावर वाटी येईल, पातेलं नाही.’ ताई पातेल्यावर अडून बसतात. साडी किती नेसली आहे हे ताईंना ठाऊक, ती पुढे कुठे आणि कितीला खपेल हे बोहारणीला ठाऊक. या दोघींच्या ओढाताणीतून भाव निघतो.

थ्रिफ्ट स्टोअरमध्ये ही ओढाताणच नाही. देणारा मागच्या दाराला गाडी लावतो, खोकी उतरवतो, पावती घेतो आणि जातो. पावतीवर वस्तूची किंमत दुकान लिहीत नाही. कराच्या वजावटीसाठी ती लागलीच तर देणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायची. शिवाय कित्येकदा देणारा हा वस्तूचा मालक नसतोच. वडील गेले, घर विकायचंय, मुलगी कॅलिफोर्नियाहून आठवड्याच्या रजेवर आली आहे आणि माळ्यावरची खोकी उघडून बघायलाही तिला वेळ नाही. त्या खोक्यात काय आहे हे ज्याला माहीत होतं तो माणूस आता सांगायला नाही. वस्तू दुकानात आली, तिची माहिती मागे राहिली.

या सगळ्या व्यवस्थेचं मूळ जुनं आहे. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या मेथडिस्ट धर्मोपदेशकानं श्रीमंत वस्त्यांतून जुने कपडे आणि सामान गोळा करायला सुरुवात केली. गरजूंना ते दुरुस्त करायचं काम द्यायचं, विकायचं आणि त्या पैशांतून त्यांना मजुरी द्यायची. त्यातूनच गुडविल ही संस्था उभी राहिली. आजही गुडविल म्हणजे एकच एक कंपनी नाही. अमेरिका आणि कॅनडात मिळून दीडशेच्या आसपास स्वतंत्र प्रादेशिक संस्था त्या नावाखाली चालतात. म्हणून एका गावातल्या गुडविलमध्ये जुना कॅमेरा सहा डॉलरला आणि तासाभराच्या अंतरावरच्या दुसऱ्या गुडविलमध्ये तसाच साठला दिसला, तर चकित व्हायचं कारण नाही. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची दुकानं वेगळी, चर्चची वेगळी, आणि नफ्यासाठी चालणाऱ्या साखळ्या तर आणखी वेगळ्या.

आता मागच्या खोलीत या. टेबलावर किंवा पट्ट्यावर माल ओतला जातो. काम करणारा माणूस एकामागून एक वस्तू उचलतो: टाकायची, ठेवायची, ठेवायची तर कितीला. तासाला इतके नग बाहेर गेले पाहिजेत असं उद्दिष्ट असतं, त्यामुळे एका वस्तूला मिळतात मोजके सेकंद. मगला दीड डॉलर, फ्राय पॅनला चार, कीबोर्डला पाच. कीबोर्ड म्हटला की कीबोर्ड. तो १९८७चा असो की २०१७चा. मॉडेल एम ४.९९ला गेला तो असा. त्या पाच डॉलरमध्ये मॉडेल एमबद्दल कसलंही मत नव्हतं. ते ‘कीबोर्ड’ या जातीचं सरासरी मत होतं.

ही पद्धत आळशी वाटेल, पण तिच्यात एक हुशारी आहे. चिठ्ठ्या चार-पाच रंगांच्या असतात आणि दर आठवड्याला एका रंगावर सूट लागते, बहुतेक ठिकाणी निम्म्यानं. चार-पाच आठवड्यांत विकलं नाही ते दुकानातून उचललं जातं आणि ‘आउटलेट’ नावाच्या गोदामवजा जागी जातं. तिथे मोठमोठ्या निळ्या पेट्यांमध्ये सगळं ओतलेलं असतं आणि भाव पौंडावर, म्हणजे वजनावर. तिथेही उरलं तर गठ्ठे बांधून निर्यातीला किंवा भंगारात. नीट बघितलं तर हा उतरता लिलावच आहे. पहिली किंमत हा नुसता अंदाज. ती जास्त झाली तर वेळ तिला खाली आणतो. शर्ट, पातेली, खुर्च्या यांच्यासाठी हे झकास चालतं, कारण शर्ट पाच आठवड्यांत खराब होत नाही आणि पाच डॉलरऐवजी अडीचला गेला तर आभाळ कोसळत नाही.

भानगड होते ती वस्तू साधी नसते तेव्हा. किंमत चढी लागली तर रंग बदलून ती दुरुस्त होते. पण कमी लागली तर दुरुस्तीला वावच नाही. पहिल्या दिवशी, पहिल्या तासात कुणीतरी येतो, काही न बोलता वस्तू उचलतो आणि पैसे देऊन निघून जातो. आपण काय घालवलं हे दुकानाला कळतसुद्धा नाही.

दुधानं तोंड पोळलं

कधीकधी मात्र कळतं, कारण वर्तमानपत्रात येतं. २०१४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल इथल्या गुडविल आउटलेटमध्ये एक जुना लोकरी स्वेटर वजनावर विकला गेला. झाले ५८ सेंट. स्वेटर निघाला अमेरिकन फुटबॉलचे दिग्गज प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांचा. पुढच्याच वर्षी लिलावात तो ४३,०२० डॉलरला गेला. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या गुडविलमध्ये २०१८ साली एक संगमरवरी अर्धपुतळा ३४.९९ डॉलरला विकला गेला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतून गहाळ झालेला. त्याचा एक फोटो मला फार आवडतो: गाडीच्या सीटवर बेल्ट लावून बसवलेला रोमन गृहस्थ आणि त्याच्या गालावर पिवळा स्टिकर. मागच्या खोलीतल्या माणसाला काय माहीत होतं हे त्या स्टिकरवर तंतोतंत लिहिलेलं होतं: दगडी आहे, जड आहे, बागेत शोभेल.

अशा बातम्या व्यवस्थापकही वाचतात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आणि इथे फुंकायचं साधन खिशातच असतं: फोन.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटच्या जन्माची एक गोष्ट सांगतात, ती इथे अगदी चपखल बसते. १९९५ साली पिएर ओमिड्यार यांनी आपल्या नव्या साइटवर पहिली वस्तू विकली ती एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. तो चालत नाही हे तुम्हाला कळलंय ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मी मोडके लेझर पॉइंटरच जमवतो.

विक्षिप्त माणसाची गोष्ट म्हणून हसून सोडून देऊ नका. संग्राह्य वस्तूंचं सगळं अर्थशास्त्र तिच्यात आहे. आमच्या गावात मोडका लेझर पॉइंटर हवा असणारा माणूस शून्य. अख्ख्या देशात असे दोन सापडले आणि एकमेकांवर बोली लावू लागले, की त्याला भाव येतो. म्हणजे वस्तू तीच, पण ती किती जणांच्या नजरेला पडते त्यावर किंमत हलते. गावातल्या फळीवर कमोडोरला गिऱ्हाईक मिळायची शक्यता वर्षातून एकदोनदा, इंटरनेटवर रोज.

दुकानांनी हे लवकर ओळखलं. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या गुडविलनं ‘शॉपगुडविल’ ही लिलावाची साइट सुरू केली आणि हळूहळू बाकीच्या संस्था तिच्यावर आल्या. आता मागच्या खोलीत एक वेगळी पेटी असते. दागिने, कॅमेरे, व्हिडिओ गेम, ओळखू येणारे जुने कॉम्प्युटर त्या पेटीत आणि तिथून थेट ऑनलाइन. थोडक्यात, फळीवर तुम्हाला दिसतो तो चाळून झालेला माल. त्यात दोन प्रकारच्या वस्तू उरतात: ज्या कुणालाच ओळखू आल्या नाहीत त्या, म्हणजे माझा कीबोर्ड, आणि ज्या अर्धवट ओळखू आल्या त्या, म्हणजे तो कमोडोर.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव

अर्धवट ओळखणं कसं असतं बघा. ‘कमोडोर ६४’ असं फोनवर टाकलं की ईबेवर पहिल्यांदा दिसतात त्या विक्रीला ठेवलेल्या वस्तू. एकानं २७५ मागितलेत, दुसऱ्यानं ४००, कुणी ‘दुर्मीळ’ असं लिहून ९००. मागच्या खोलीतला माणूस विचार करतो, चारशेचा माल आहे, आपण शंभरच लावू, घेणाऱ्याचंही भलं होईल. त्याच्या दृष्टीनं तो उदारच वागलेला असतो!

पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट शोधलेल्या कुणालाही यातली मेख लगेच कळेल. जाहिरातीत मालकानं मागितलेला आकडा वेगळा आणि सौदा ज्या आकड्याला झाला तो वेगळा. ईबेवरही ‘विकलेल्या वस्तू’ असा वेगळा पर्याय असतो. तो निवडला की गेल्या काही महिन्यांत लोकांनी प्रत्यक्षात किती मोजले ते दिसतं. दोन-तीन वेळा बोट लावायचं काम आहे. पण मोजक्या सेकंदांच्या हिशेबात तेही राहून जातं.

मागितलेल्या किमतींच्या यादीत आणखी एक छुपा दोष आहे. योग्य भाव लावलेली वस्तू दोन दिवसांत विकली जाते आणि यादीतून नाहीशी होते. अवाच्या सवा भाव लावलेली महिनोन् महिने तिथेच. म्हणजे कुठल्याही क्षणी यादी उघडली तर तुम्हाला दिसतात मुख्यतः न विकलेल्या वस्तू. संध्याकाळी उशिरा मंडईत जाऊन उरलेल्या वांग्यांवरून सकाळच्या वांग्यांची पारख करण्यासारखं आहे हे. बरं, दुसऱ्या गावच्या दुकानानं याच यादीकडे बघून आपला भाव लावला, आणि तिसऱ्यानं त्या दुसऱ्याकडे बघून, तर एकाही गिऱ्हाइकानं पैसे न देता ‘बाजारभाव’ तयार होतो.

डिस्नेच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट हे याचं ठळक उदाहरण. काही वर्षांपूर्वी ‘तुमच्या घरातल्या या कॅसेटची किंमत हजारो डॉलर’ अशा बातम्या फिरल्या, त्या कुणीतरी मागितलेल्या आकड्यांवरून. या कॅसेट लाखोंच्या संख्येनं विकल्या गेलेल्या आणि घरोघर पडलेल्या; प्रत्यक्षात त्या जातात थोड्याथोडक्या डॉलरना. नव्वदच्या दशकात वेड लावणाऱ्या बीनी बेबीज या कापडी खेळण्यांचंही तेच.

मिळालेला भाव बघितला तरी फसायला होतं, कारण तो नेमका कशाला मिळाला हे बघावं लागतं. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ या गेमची एक प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. खरी विक्री, खरे पैसे. पण ती प्रत कारखान्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होती, एकदाही न उघडलेली, आणि जवळपास निष्कलंक. या गेमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या आहेत. त्यातली उघडी, ओरखडलेली, मागे पेननं पोराचं नाव लिहिलेली कार्ट्रिज आणि ती लिलावातली प्रत यांच्यात नावापलीकडे काही साम्य नाही. तरी त्या उन्हाळ्यानंतर काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली ओरखडलेली कार्ट्रिज मी स्वतः पाहिली आहेत.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. काहीच माहीत नसतं तेव्हा दुकान पाच डॉलर लावतं आणि माल निदान कुणाच्या तरी कामी येतो. सगळं माहीत असतं तेव्हा रास्त भाव लागतो. अर्धं माहीत असलं की वस्तू फळीवर अडकते.

‘चालू आहे का?’

कॉम्प्युटरच्या बाबतीत हा गुंता आणखी वाढतो, कारण चिनी मातीची बरणी फुटलीये की नाही हे दिसतं. कॉम्प्युटरचं दिसत नाही. कमोडोर चालतो की नाही यावर त्याची किंमत दुपटीनं-तिपटीनं बदलते. मग दुकान लावून का बघत नाही?

लावून बघणं हेच कधीकधी त्याचं मरण असतं म्हणून. कमोडोर ६४ सोबत यायचा तो पॉवर सप्लाय म्हणजे आत राळ ओतून बंद केलेला एक ठोकळा. तो तापतो, आतला व्होल्टेज रेग्युलेटर कालांतरानं बिघडतो, आणि बिघडतो तो वाईट पद्धतीनं: ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्ट सोडायला लागतो. वरून काही कळत नाही. तोवर धड असलेला कॉम्प्युटर त्याला जोडला की मेमरीच्या चिपा जळतात. एखाद्या मनापासून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यानं वायरींच्या ढिगातून जुळणारा ठोकळा शोधून काढला, जोडला, दिवा लागलेला बघून चिठ्ठीवर ‘चालू’ असं लिहिलं, तर त्याच मिनिटाला तो बंद पडलेलाही असू शकतो. यातली आवाजाची चिप, ६५८१, कमोडोरनं बनवणं कधीच थांबवलंय. नुसत्या त्या चिपेसाठी लोक मेलेली मशिनं घेतात.

म्हणून शहाणी दुकानं लिहितात ‘तपासलेलं नाही’. आणि इथे एक जुनं दुखणं सुरू होतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली सेकंडहँड गाड्यांबद्दल एक मुद्दा मांडला, पुढे २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि वाईट गाडी वेगळी ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच वाईट गाडीच्या जवळचा भाव देतो. मग चांगल्या गाडीचे मालक बाजारात यायचेच थांबतात. जुन्या कॉम्प्युटरचे लोक ‘तपासलेलं नाही’ हे वाक्य ‘तपासलं, बंद निघालं, पण सांगत नाही’ असं वाचतात. मग दुकान खरंच अनभिज्ञ असलं तरी त्याला भाव मेलेल्या मशिनचाच मिळतो.

नावातल्या एका आकड्यानंही फरक पडतो. अ‍ॅपलचा मॅकिंटॉश एसई आला १९८७ मध्ये आणि एसई/३० आला १९८९ मध्ये. दोन्ही बाहेरून जवळजवळ सारखे, नऊ इंची काळ्या-पांढऱ्या पडद्याचे ठोकळे. पण एसईमध्ये मेमरी वाढवून वाढवून ४ मेगाबाइट, तर एसई/३०मध्ये १२८. आत प्रोसेसरही वेगळा. छांदिष्ट मंडळी दुसऱ्याच्या मागे वेड्यासारखी धावतात, पहिल्याकडे बरा आहे म्हणून बघतात. चिठ्ठीवर दोन्हींना ‘जुना मॅक’. आणि एसई/३० असला तरी खोलून बघितल्याशिवाय उड्या मारायच्या नाहीत, कारण आत बोर्डावर ३.६ व्होल्टची एक बुटकी लिथियम बॅटरी असते. ती तीस वर्षांत फुटून गळली असेल तर तिनं बोर्ड खाऊन टाकलेला असतो. त्यावर त्या काळातले कपॅसिटर, तेही गळणारे. बाहेरून पडदा स्वच्छ, खोकं चकचकीत. आत हिरवा गंज.

उलट जे बाहेरून भयंकर दिसतं ते कधी फारसं गंभीर नसतं. जुन्या मशिनांचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, त्यात आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमिनची रसायनं असतात त्याचा यात हात आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं तर बराचसा पिवळेपणा जातो. गृहिणीच्या नजरेला पिवळं म्हणजे मळकं, टाकाऊ. जाणकाराच्या नजरेला एका सुट्टीच्या दिवसाचं काम.

आणि पुष्कळ कॉम्प्युटर तर फळीपर्यंत पोचतच नाहीत. देणाऱ्याची खासगी माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हार्ड डिस्क काढून घेतल्या जातात. डेल कंपनी आणि गुडविल यांनी २००४ पासून मिळून योजना चालवली, तिच्यात दिलेले कॉम्प्युटर, कुठल्याही कंपनीचे असोत, पुनर्वापराला किंवा मोडीत जायचे. पर्यावरणाच्या दृष्टीनं उत्तमच. पण त्या ओघात काय काय दळलं गेलं असेल, याचा विचार मी फार करत नाही, झोप उडते.

मोडीच्या दारात काय येऊ शकतं याचा एक किस्सा २०१५ मध्ये गाजला. कॅलिफोर्नियातल्या मिलपिटास इथल्या एका ई-कचरा कंपनीत एक बाई नवऱ्याच्या निधनानंतर गॅरेजमधली खोकी देऊन गेली. पावती नको म्हणाली, नावही सांगितलं नाही. काही आठवड्यांनी खोकी उघडली तर आत अ‍ॅपल-१, अ‍ॅपल कंपनीचा पहिलावहिला कॉम्प्युटर. कंपनीनं तो दोन लाख डॉलरना विकला आणि निम्मे पैसे द्यायला त्या बाईला शोधत असल्याचं जाहीर केलं.

अ‍ॅपल-१ला तो भाव का आणि कमोडोरला का नाही? दोन्ही जुने. पण अ‍ॅपल-१ १९७६ साली बनले अदमासे दोनशे. कमोडोर ६४ सव्वा कोटीच्या घरात किंवा त्याहूनही जास्त खपले. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यानं सोन्याचा तुटवडा गृहीत धरलेला असतो.

तुटवडाही पुरत नाही, हवं असणारा माणूसही लागतो, आणि तो बहुतेकदा चाळिशी-पन्नाशीचा असतो. बाराव्या वर्षी शेजाऱ्याकडे पाहिलेली आणि आईनं घेऊ न दिलेली वस्तू हातात पैसा आला की माणूस शोधायला लागतो. म्हणून भावाच्या लाटा पिढीप्रमाणे सरकतात. नव्वदच्या दशकातले भुरकट पेंटियम कॉम्प्युटर परवापरवापर्यंत निव्वळ अडगळ होते. आता डॉस गेम खेळलेली पोरं बापे झाली आणि त्या डब्यांच्या आतल्या थ्रीडीएफएक्स वूडू या ग्राफिक्स कार्डांना भाव आला. बाहेर चिठ्ठी दहा डॉलर, सगळी किंमत आतल्या एका कार्डात. डबा कुणी उघडलेला नसतो. भारतात १९८४च्या ‘क्लास’ या शाळांत कॉम्प्युटर नेणाऱ्या सरकारी प्रकल्पात ज्यांच्या शाळेत बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश कॉम्प्युटर आला होता, त्यांचीही अशी एक छोटी लाट यायला हरकत नव्हती. पण ती मशिनं तोवर भंगारवाल्याच्या काट्यावर गेली असणार.

जुन्या, जाड काचेच्या मॉनिटरची गोष्ट तर उलटीच आहे. त्या काचेत शिसं असतं, विल्हेवाटीला पैसे मोजावे लागतात, म्हणून बरीच दुकानं ते घेतच नाहीत. दुकानाच्या दृष्टीनं किंमत शून्याच्या खाली. तोच सोनीचा ट्रिनिट्रॉन जुने गेम खेळणाऱ्यांना हवा असतो, कारण बंदूक रोखून खेळायचे जुने गेम नव्या सपाट पडद्यावर चालतच नाहीत. पण तो इतका जड, की कुरिअरनं पाठवण्यात अर्थ नाही. त्यामुळे हा व्यवहार आजही बोहारणीसारखा दारातच होतो, दोघांनी मिळून उचलून.

आता त्या ९९.९९कडे परत. समजा, तपासलेला नसलेला असा कमोडोर ईबेवर खरोखर शंभरला विकला गेला. साइटचा हिस्सा तेरा टक्क्यांच्या आसपास. पाठवायचा खर्च वीस. फोटो काढणं, वर्णन लिहिणं, दोन खोक्यांत नीट बांधणं यात तासभर कुणीतरी अडकणार, त्याची मजुरी. हातात उरणार पन्नास. म्हणजे फळीवर त्याला पन्नास मिळाले तरी दुकानाचा तोटा नाही, शिवाय गिऱ्हाइकानं परत आणून भांडायची कटकट नाही. धर्मादाय संस्थेनं छांदिष्टांना स्वस्तात खेळणी पुरवावीत अशी अपेक्षा मला चुकीचीच वाटते. त्यांना जागेचं भाडं आहे, पगार आहेत, आणि लोक देणगी म्हणून जो शुद्ध कचरा आणून टाकतात तो फेकायचाही खर्च आहे. पण ९९.९९मध्ये त्यांचाही फायदा नाही. पाच आठवडे फळीवर राहून तो निळ्या पेटीत जाईल, त्याच्यावर कुणीतरी इस्त्री आणि डंबेल टाकेल, आणि शेवटी पौंडाच्या भावानं निघेल. मला हळहळ वाटते ती याची.

थ्रिफ्ट स्टोअरमध्ये सहसा घासाघीस चालत नाही, तरी मी कीबोर्ड काखेत मारून काउंटरवर गेलो. तिथल्या वयस्कर बाईंना फोनवर विकलेल्या किमतींची यादी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती शेवटपर्यंत वाचली, मान डोलावली आणि म्हणाल्या, भाव वरून येतात, माझ्या हातात नाही. मग मी त्यांना पॉवर सप्लायची गोष्ट सांगितली: कुणी हौसेनं जुळणारा ठोकळा आणून जोडायला गेलं तर तेवढं थांबवा. हे त्यांना नवीन होतं. त्यांनी ड्रॉवरमधून मास्किंग टेप काढली, मोठ्या अक्षरांत ‘प्लगला लावू नका’ असं लिहिलं आणि स्वतः जाऊन कमोडोरवर चिकटवली.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा टेप जागेवर होती. शेजारच्या चिठ्ठीवर ९९.९९ तसेच.